पत्र्याच्या डब्यातून स्वतःचे छायाचित्र

शाळेच्या विज्ञानाच्या वहीत सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाची आकृती बहुतेकांनी काढलेली असते. एका बाजूला मेणबत्ती, मध्ये बारीक भोक पाडलेला खोका आणि खोक्याच्या मागच्या पडद्यावर उलटी ज्योत. परीक्षा झाली की तो विषय तिथेच राहतो. त्या आकृतीतल्या पडद्याच्या जागी प्रकाशाला संवेदनशील असलेला कागद लावला आणि मेणबत्तीच्या जागी आपण स्वतः बसलो, तर भिंगाचा एकही तुकडा न वापरता आपले छायाचित्र निघते. ते कसे काढावे हे येथे क्रमाने सांगितले आहे. डबा तयार करण्यास एक दुपार पुरते. मनासारखे पहिले चित्र हाती येईपर्यंत मात्र आठ-दहा कागद खर्ची पडतात आणि ते पडणारच, असे धरून कागदाचे पाकीट आणावे.

भोकातून प्रतिमा पडते ती प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून. कपाळावरून निघालेला किरण भोकातून खाली उतरतो आणि हनुवटीवरून निघालेला वर चढतो, त्यामुळे प्रतिमा उलटी पडते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातल्या अंधाऱ्या दालनात भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते, ती याच न्यायाने. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात झाडाखाली कवडशांच्या जागी चंद्रकोरी दिसल्या, त्यामागेही हेच होते. पानांमधली प्रत्येक फट एकेक कॅमेरा झाली होती.

डबा

सणासुदीला बिस्किटे किंवा मिठाई ज्यातून येते तसा पत्र्याचा चौकोनी डबा घ्यावा. तो सुमारे १० सेंटिमीटर खोल असावा, त्याचे तोंड निदान १५ बाय १२ सेंटिमीटर असावे आणि झाकण काठावरून खाली चांगले उतरणारे असावे. बुटांचा खोका सहज मिळतो, पण त्याच्या कोपऱ्यांतून प्रकाश झिरपतो आणि त्या फटी बुजवताना डबा बनवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. प्लास्टिकचा डबा काळा दिसला तरी उन्हात आरपार उजळतो, म्हणून तो टाळावा. पत्र्याचा आणखी एक फायदा आहे, तो शटरच्या, म्हणजे भोकाची उघडझाप करणाऱ्या झाकणाच्या वेळी कामी येईल.

या मांडणीत भोक डब्याच्या तळाला असते आणि कागद झाकणाच्या आतल्या बाजूला. डबा आडवा करून ठेवला की तळ आपल्याकडे तोंड करतो. तळाच्या बरोबर मध्यावर सुमारे १ सेंटिमीटर व्यासाचे मोठे छिद्र पाडावे. आतून लाकडाचा ठोकळा धरून खिळ्याने जवळजवळ छिद्रे पाडावीत, मधला तुकडा काढावा आणि कडा कानशीने घासून घ्याव्यात. पत्र्याच्या कडेने बोट सहज कापते, तेव्हा हातमोजे घालावेत. हे छिद्र केवळ खिडकी आहे. खरे भोक वेगळ्या पातळ पत्र्यावर करून आतून चिकटवायचे आहे. डब्याला व झाकणाला आतून फळ्याला लावतात तो बिनचमकीचा काळा रंग द्यावा. चकचकीत काळा ऑइलपेंट चालत नाही, कारण तो प्रकाश परतवतो आणि चित्रावर धुकट पांढुरकेपणा येतो.

भोक

सगळ्या कामात घाई चालत नाही ती येथे. भोक जितके लहान तितके चित्र रेखीव, असे वाटते आणि एका मर्यादेपर्यंत ते खरेही आहे. त्या मर्यादेच्या खाली गेले की प्रकाश भोकाच्या कडेशी वळतो, पसरतो आणि चित्र पुन्हा मऊ पडू लागते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये या मधल्या योग्य मापाचा हिशेब मांडला. त्यातून निघणारी सोपी रीत अशी की भोकापासून कागदापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ०.०४५ ने गुणावे. अंतर १०० मिलिमीटर असेल तर वर्गमूळ १० आणि भोकाचा व्यास ०.४५ मिलिमीटर. ६४ मिलिमीटर खोलीच्या डब्याला ०.३६ मिलिमीटरचे भोक लागेल. पुढचे सारे आकडे १०० मिलिमीटरच्या डब्याचे आहेत.

शीतपेयाचा रिकामा कॅन कात्रीने कापून त्यातला ३ सेंटिमीटरचा चौकोन घ्यावा आणि तो जाड पुठ्ठ्यावर ठेवावा. घरातल्या सगळ्यांत बारीक शिवणाच्या सुईचे टोक मध्यावर टेकवावे आणि सुई दोन बोटांत फिरवत हलका दाब द्यावा. सुई आरपार घालायची नाही. मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा दिसला की थांबावे, पत्रा उलटा करावा आणि तो फुगवटा ६०० नंबरच्या वॉटर पेपरने गोलगोल घासावा. घासता घासता पत्रा त्या जागी इतका झिजतो की भोक आपोआप उघडते. मग पुन्हा सुईचे टोक अलगद फिरवावे आणि पुन्हा घासावे. तीन-चार फेऱ्यांत गोल, स्वच्छ, बिनकडेचे भोक तयार होते. सुई एकदम खुपसून केलेल्या भोकाला मागे धातूची झालर राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, चित्रात मात्र गालाच्या कडेला केसाळ पिसारा होऊन उमटते.

माप घेण्यासाठी पत्रा स्कॅनरवर २४०० डीपीआयला स्कॅन करावा. त्या स्कॅनमध्ये एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ९४ ठिपके, म्हणून ०.४५ मिलिमीटरचे भोक ४२ ठिपक्यांच्या आसपास भरले पाहिजे. स्कॅनर नसेल तर भोकाशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलने जवळून फोटो काढावा आणि तो मोठा करून मिलिमीटरच्या रेघांशी ताडून पाहावा. भोक ३८ किंवा ४६ ठिपक्यांचे निघाले तर बिघडत नाही. ६० चे निघाले तर पत्रा टाकून द्यावा आणि दुसरा घ्यावा, कॅन एवढा मोठा असतो की त्यातून वीस तुकडे निघतात. पत्र्याची आतल्या बाजूला येणारी चमकदार बाजू काळ्या मार्करने रंगवावी आणि भोक तळाच्या खिडकीच्या मध्यावर येईल अशा रीतीने चारही बाजूंनी काळी इन्सुलेशन टेप लावून पत्रा आतून चिकटवावा.

आता शटर. टेपचा तुकडा लावून काढण्याची पद्धत सर्वत्र सांगतात, पण टेप ओढताना डबा हलतो आणि स्वतःचे चित्र काढताना हे काम बसल्या जागेवरून, हात लांबवून करायचे असते. फ्रिजवर लावतात तशी रबरी चपटी चुंबकाची पट्टी डब्याच्या तळाला बाहेरून लावली की भोक झाकले जाते आणि सरकवली की उघडते, तेही आवाज आणि हिसका न होता. डबा पत्र्याचा घ्यावा असे सांगितले ते यासाठी.

कागद आणि अंधारखोली

फिल्मऐवजी कृष्णधवल छपाईचा कागद वापरावा. रेझिनचा लेप असलेला, चकचकीत, ५ बाय ७ इंचांचा कागद नवशिक्याला सोयीचा पडतो, कारण तो लवकर धुतला जातो आणि सपाट वाळतो. इलफर्ड कंपनीचा मल्टिग्रेड हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला प्रकार. या कागदाला तांबडा प्रकाश दिसत नाही. म्हणून तो तांबड्या दिव्यात हाताळता येतो आणि याच कारणाने चेहरा वेगळा उमटतो. ओठ गडद होतात, त्वचा प्रत्यक्षाहून सावळी येते, तांबडे कुंकू काळे पडते आणि निळी साडी किंवा निळा सदरा जवळजवळ पांढरा दिसतो. चित्रासाठी कपडे निवडताना हे लक्षात घ्यावे. पांढरा सदरा आणि सावळा चेहरा एकाच चित्रात सांभाळणे पहिल्या प्रयत्नात जमत नाही. मध्यम रंगाचे, थोडे मळकट म्हणावे असे कपडे सर्वांत चांगले.

अंधारखोली म्हणजे रात्रीचे स्नानघर. झरोक्याला शेतात अंथरतात तो काळा मल्चिंगचा कागद किंवा जाड काळे प्लास्टिक दुहेरी लावावे आणि दाराच्या खालच्या फटीत टॉवेल सारावा. पाच मिनिटे दिवा बंद करून उभे राहावे. डोळे अंधाराला सरावल्यावर कुठे उजेडाची रेघ दिसली तर ती बुजवावी. लाल दिवा कितपत निर्धोक आहे हेही एकदा तपासून घ्यावे. कागदाच्या तुकड्यावर रुपयाचे नाणे ठेवून तो लाल दिव्याखाली पाच मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात घालावा (त्याची कृती पुढे ‘धुणे’ या भागात आहे). नाण्याचा पांढरा गोल उठून आला, तर दिवा जास्त जवळ किंवा जास्त प्रखर आहे. बाजारातले काही लाल बल्ब नुसते लाल रंग फासलेले असतात आणि त्यातून पांढरा उजेड गळतो.

लाल दिव्यात कागद अर्धा कापावा, म्हणजे सुमारे १२.७ बाय ८.९ सेंटिमीटरचे दोन तुकडे मिळतात. चकचकीत बाजू भोकाकडे येईल असा एक तुकडा झाकणाच्या मध्यावर, टेपच्या वेटोळ्यांनी मागून चिकटवावा. झाकण लावून त्याच्या कडेभोवती काळी टेप फिरवावी आणि कागद उभा आहे की आडवा, हे डब्यावर बाहेरून खूण करून ठेवावे. हे एकदा विसरले की काय होते ते सांगतो. माझ्या पहिल्या पाकिटातल्या तीन कागदांवर माझी मान कापलेली आहे आणि शेजारची तुळशीची कुंडी पूर्ण आलेली आहे.

पहिला कागद चेहऱ्यावर खर्च करू नये. डबा भरून, शटर बंद ठेवून, तो दहा मिनिटे उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवावा आणि कागद डेव्हलप करावा. तो पांढराशुभ्र राहिला तर डबा तयार आहे. करडी रेघ आली तर ती कोणत्या कडेपासून सुरू होते ते पाहून तिथली फट बुजवावी.

वेळेचा हिशेब

०.४५ मिलिमीटरचे भोक आणि १०० मिलिमीटरचे अंतर म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेत एफ २२२, अंतराला भोकाच्या व्यासाने भागून येणारा आकडा. कागदाची प्रकाशाला असलेली संवेदनक्षमता आयएसओ या मापात ६ च्या आसपास धरावी; आकडा जितका लहान तितका वेळ जास्त. मोबाइलवर प्रकाशमापकाचे एखादे साधे अॅप असेल, तर त्यात आयएसओ १०० आणि एफ १६ हे आकडे भरावेत, आपण बसणार त्या जागेचा प्रकाश मोजावा आणि मिळालेल्या सेकंदांना ३२०० ने गुणावे. कडक उन्हात अॅप एक शतांश सेकंद दाखवते, म्हणजे आपला वेळ ३२ सेकंद. मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत एक पंधरांश दाखवले तर साडेतीन मिनिटे. खिडकीजवळ, खोलीच्या आत, पाव सेकंद दाखवले तर तेरा-चौदा मिनिटे, म्हणजे एका जागी बसण्याच्या दृष्टीने जवळजवळ अशक्य.

यातून जागा ठरते. भर उन्हात वेळ कमी लागतो, पण डोळे मिचमिचे होतात, भुवयांखाली काळे खड्डे पडतात आणि कागदही मुळात कडक छटांचा असल्यामुळे अर्धा चेहरा कोळशासारखा तर अर्धा चुन्यासारखा उमटतो. उत्तम जागा म्हणजे पांढऱ्या किंवा पिवळसर भिंतीसमोरचा ओटा, गच्चीच्या टाकीची सावली किंवा घराचा उत्तरेकडचा व्हरांडा, जिथे ऊन अंगावर नाही पण समोरच्या भिंतीवरून भरपूर प्रकाश परततो. अशा ठिकाणी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दीड ते तीन मिनिटांत काम होते. पावसाळ्यातले पांढरे ढगाळ आभाळ चेहऱ्यासाठी फार छान, मात्र ढग दाटले की वेळ दुप्पट होतो आणि आपण बसलेले असतानाच होतो. छटा फारच कडक येत असतील तर भोकाच्या आतल्या बाजूला पिवळ्या जिलेटिन कागदाचा तुकडा लावून पाहावा. मल्टिग्रेड कागद पिवळ्या प्रकाशात मऊ छटा देतो, पण वेळ वाढतो. तो दुपटीपासून सुरू करावा.

अॅपचा आकडा हा केवळ आरंभ. आपल्या डब्याचा खरा वेळ शोधण्यासाठी खुर्चीवर एक न सोललेला नारळ ठेवावा. तो चेहऱ्याएवढा असतो, सावळा असतो, त्याला शेंडी असते आणि तो हलत नाही. सावलीत त्याचे एक, दोन आणि चार मिनिटांचे तीन कागद करावेत. ज्या कागदावर नारळाच्या शेंड्या वेगवेगळ्या दिसतात आणि मागची भिंत अगदी काळी झालेली नसते, तो वेळ आपला. निगेटिव्हमध्ये उजळ गोष्टी काळ्या येतात हे पहिल्या दिवशी सारखे स्वतःला सांगावे लागते.

बसणे

डबा स्टुलावर किंवा टेबलावर, भोक डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवावा आणि त्यावर किलोभर तांदळाची पिशवी ठेवावी. पत्र्याचा रिकामा डबा हलका असतो आणि गच्चीवरच्या वाऱ्याला तो नुसता थरथरतो. ती थरथर दिसत नाही, उमटते.

या कॅमेऱ्याला बघण्याची खिडकी नाही. चित्राची हद्द कळण्यासाठी डब्याच्या वरच्या पृष्ठावर मार्करने दोन रेघा ओढाव्यात. मागच्या कडेवर कागदाची डावी व उजवी सीमा जिथे येते त्या दोन बिंदूंपासून पुढच्या कडेवर भोकाच्या बरोबर वरच्या बिंदूपर्यंत त्या काढाव्यात, आणि मागून बघताना त्याच रेघा पुढे वाढवल्या आहेत असे समजावे. अंतराचा हिशेब सोपा आहे. कागद उभा असताना ६० सेंटिमीटरवर चित्राची चौकट सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ७६ सेंटिमीटर उंच होते, म्हणजे डोके, खांदे आणि छातीपर्यंतचा भाग. ३० सेंटिमीटरवर फक्त चेहरा मावतो, पण नाक फुगते आणि कान मागे जातात. हा दोष भोकाचा नाही. इतक्या जवळून कोणीही पाहिले तरी चेहरा तसाच दिसतो. ६० सेंटिमीटर लांबीचा दोरा डब्याला बांधून ठेवावा. बसल्यावर त्याचे टोक नाकाला लावून अंतर पाहावे आणि दोरा सोडून द्यावा. जवळचे-लांबचे नीट दिसावे म्हणून इथे काही फिरवायचे नसते. नाक आणि मागची भिंत दोन्ही सारख्याच रेखीव, किंवा सारख्याच मऊ, येतात. ६० सेंटिमीटरवर साधारण ३ मिलिमीटरहून बारीक तपशील हरवतो, त्यामुळे सदऱ्याची बटणे दिसतात, पापण्यांचे केस आणि न केलेली दाढी दिसत नाहीत. ही सूट घ्यावी.

एवढ्या अंतरावरून हात डब्याला पोचतो, म्हणून शटर उघडण्यासाठी उठावे लागत नाही. चुंबक सरकवताना हात भोकासमोरून जातो, पण दोन-अडीच मिनिटांतल्या त्या दोन सेकंदांची खूण कागदावर उरत नाही. हात परत मांडीवर आला की मोजणी सुरू. वेळ घड्याळात पाहू नये, कारण नजर हलते. मोबाइलवर गजर लावून तो मागे ठेवावा.

नजरेलाही ठिकाण हवे. भोक इतके बारीक असते की त्याच्याकडे बघत राहणे जमत नाही, डोळे भटकतात आणि चित्रात बुबुळांच्या जागी राखाडी डाग येतो. भोकाच्या खाली बोटभर अंतरावर कपाळावर लावायची एक मोठी टिकली चिकटवावी आणि तिच्याकडे पाहावे. पापण्या मिटण्याची चिंता करू नये. मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी लवली तरी डोळे उघडे असण्याचा वेळ कितीतरी जास्त असतो आणि कागद तोच धरतो. डोके मात्र टेकलेले हवे. एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंत गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी स्टँडचा चिमटा लावत असत. आपल्याला भिंत, उंच पाठीची खुर्ची किंवा टेबलावर टेकलेले कोपर आणि तळव्यावर टेकलेली हनुवटी पुरते. इपॉलित बायार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८४० मध्ये स्वतःला बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात दाखवणारे छायाचित्र काढले. त्यात तो डोळे मिटून, मान कलवून भिंतीला टेकलेला आहे. त्याची तक्रार अशी होती की छायाचित्रणाच्या शोधाचे श्रेय आपल्याला न मिळता दुसऱ्याला मिळाले, आणि चित्र त्या तक्रारीचा भाग होता. पण इतक्या सावकाश उमटणाऱ्या कागदासमोर मेलेल्या माणसाचे सोंग घेणे ही सोयही होती, असे मला नेहमी वाटते.

जिवंत माणसाची बैठक याहून कठीण. हसू धरून ठेवता येत नाही. वीस सेकंदांत गाल थरथरू लागतात आणि चित्रात ते हसू दातदुखीसारखे दिसते. ओठ नुसते टेकलेले ठेवावेत, दात एकमेकांवर दाबू नयेत, श्वास पोटाने घ्यावा म्हणजे खांदे वर-खाली होत नाहीत. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात आपण फोटोसाठी केलेला चेहरा असतो, पण तो फार टिकत नाही. नंतरचे दीड-दोन मिनिटे जो चेहरा राहतो त्याचेच चित्र कागदावर जास्त उतरते. म्हणून अर्ध्या मिनिटात उरकता येणाऱ्या उन्हापेक्षा दोन-अडीच मिनिटे मागणारी सावली मी पसंत करतो.

बोलू नये, हे सांगण्याची गरज नाही असे वाटत होते. माझ्या एका कागदावर डोळे आणि कपाळ उत्तम आहेत, कानातली बाळीसुद्धा दिसते, आणि नाकाखाली धुके आहे. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून विचारले होते, “ऊन लागतंय का तिथे? खुर्ची इकडे घ्या की.” मी उत्तर दिले आणि ते लांबले.

हलण्याचा उपयोगही करता येतो. चार मिनिटांपैकी दोन मिनिटे बसून उठून गेले तर अंगातून मागची भिंत दिसते. दोन मिनिटे खुर्चीच्या डाव्या टोकाला आणि दोन उजव्या टोकाला बसले तर एकाच चौकटीत आपणच आपल्याशेजारी बसलेले दिसतो. मागची भिंत गडद असेल तेव्हाच ही गंमत जमते. उजळ भिंत आपण नसताना कागद काळा करून टाकते आणि बसलेल्याचा मागमूस उरत नाही.

धुणे

स्नानघरात तीन प्लास्टिकचे ट्रे ओळीने ठेवावेत आणि ते पुढे स्वयंपाकासाठी कधीही वापरू नयेत. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात साधे पाणी, तिसऱ्यात फिक्सर, म्हणजे उमटलेले चित्र पक्के करणारे द्रावण, ज्याला जुने स्टुडिओवाले हायपो म्हणतात. प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते ते पाळावे. साधारणतः एकास नऊ या प्रमाणाचा डेव्हलपर म्हणजे ५० मिलिलिटर द्रावण आणि ४५० मिलिलिटर पाणी, आणि एकास चार या प्रमाणाचा फिक्सर म्हणजे १०० आणि ४०० मिलिलिटर. डेव्हलपरचे तापमान २० अंश सेल्सिअस असावे. एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणी तिशी ओलांडते, तेव्हा माठातले पाणी वापरावे किंवा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवावा. द्रावण गरम असले की कागद झपाट्याने काळा होतो आणि चूक वेळेची होती की तापमानाची, हे कळत नाही. हातमोजे घालावेत, दार अधूनमधून उघडून हवा येऊ द्यावी आणि लहान मुलांना आत घेऊ नये.

कागद डेव्हलपरमध्ये एका हालचालीत पूर्ण बुडवून ट्रेची एक कड हळूहळू वर-खाली करत राहावी. दहा-बारा सेकंद काहीच होत नाही. मग आधी आभाळ किंवा भिंत राखाडी होते, सदरा दिसू लागतो आणि त्यांच्यामध्ये चेहऱ्याची पांढरी मोकळी जागा राहते. त्यानंतर त्या जागेत कपाळ, नाकाचा कणा आणि गालाची हाडे सावकाश करडी होत जातात, डोळे आणि ओठ सर्वांत शेवटपर्यंत पांढरे राहतात. चित्र लवकर काळे पडताना पाहून कागद मध्येच काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, पूर्ण एक मिनिट द्यावे आणि पुढच्या वेळी शटरचा वेळ कमी करावा. मग दहा-पंधरा सेकंद पाण्यात, अर्धा ते एक मिनिट फिक्सरमध्ये, आणि शेवटी वाहत्या पाण्यात दोन मिनिटे धुवावे. फिक्सरनंतर पांढरा दिवा लावता येतो. कागद दोरीवर चिमट्याने वाळत घालावा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, म्हणून तो मोरीत, विहिरीजवळ किंवा कुंड्यांत ओतू नये. झाकणाच्या बाटलीत साठवावा आणि रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्यांकडे किंवा एक्स-रेच्या हायपोतून चांदी काढणाऱ्यांकडे द्यावा.

डेव्हलपर मिळाला नाही तर स्वयंपाकघरातून काम भागते. अर्धा लिटर पाण्यात २७ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, ८ ग्रॅम क जीवनसत्त्वाची पूड आणि २० ग्रॅम बिनचिकोरीची इन्स्टंट कॉफी, याच क्रमाने विरघळवावी. खड्यांचा सोडा असेल तर त्याचे वजन पावणेतीनपट घ्यावे, कारण त्यात पाणी असते. या कॉफीत कागदाला तीन-चार मिनिटे लागतात, छटा किंचित तपकिरी येते आणि वास असा येतो की घरातले त्या रात्री कॉफी पीत नाहीत. फिक्सरला मात्र घरगुती पर्याय शोधू नये.

आरसा आणि इतरांची नजर

वाळलेला कागद म्हणजे निगेटिव्ह, केस पांढरे आणि चेहरा काळा. मोबाइलने सावलीत, बरोबर वरून त्याचा फोटो काढून रंग उलटे करणाऱ्या सोयीने तो सरळ करता येतो. तसे केल्यावर चेहरा ओळखीचा वाटतो आणि भांग योग्य बाजूला असतो, कारण प्रकाश पडलेल्या बाजूने पाहिल्यामुळे हे चित्र डाव्या-उजव्या बाजूने आरशासारखे आहे. आपण रोज जो चेहरा बघतो तोच हा. तो इतर लोकांना दिसतो तसा हवा असेल तर चित्र आडवे पलटावे लागते. अंधारखोलीत हे पलटणे आपोआप होते. कोऱ्या कागदाच्या चकचकीत बाजूवर निगेटिव्हची चकचकीत बाजू टेकवावी, वर स्वच्छ काच ठेवावी आणि दोन फुटांवरून साधा बल्ब काही सेकंद लावावा. किती सेकंद, हे कागदाच्या पट्टीवर पाच, दहा आणि वीस सेकंदांचे टप्पे पाडून ठरवावे. मग तिन्ही ट्रेंमधून तोच प्रवास. हाती येणारी प्रत बहुतेकांना आपली वाटत नाही. घरातले मात्र दोन्ही चित्रांतून हीच निवडतात.

दोष वाचायला शिकले की कागद वाया जाणे कमी होते. पूर्ण काळा कागद म्हणजे फट किंवा फार वेळ. पूर्ण पांढरा म्हणजे शटर उघडलेच नाही किंवा कागद उलटा लावला. कडेपासून आत शिरणारा काळा पंख्याच्या आकाराचा पट्टा झाकणाची टेप सुटल्याचे सांगतो. भिंत रेखीव आणि चेहरा मऊ असेल तर आपण हललो, दोन्ही मऊ असतील तर भोक मोठे आहे आणि सगळ्याच्या दोन-दोन कडा असतील तर डबा सरकला. कोपरे निगेटिव्हमध्ये फिकट आणि सरळ केलेल्या चित्रात काळपट येतात, तो दोष नव्हे. कोपऱ्यापर्यंतचे अंतर जास्त आणि प्रकाश तिरका, त्यामुळे या मापाच्या डब्यात तिथे मध्याच्या दोन पंचमांश एवढाच प्रकाश पोचतो. चेहरा मध्यावर ठेवला तर ती काळोखी चौकट उलट शोभते.

प्रत्येक कागदाच्या मागे वाळल्यावर पक्क्या मार्करने तारीख, तास, जागा, अंतर आणि शटर उघडे ठेवलेली सेकंदे लिहावीत. पाच-सहा कागदांनंतर अॅप उघडण्याची गरज उरत नाही, ओट्यावरचे ऊन समोरच्या भिंतीवर कुठपर्यंत चढले आहे ते पाहून वेळ सांगता येतो. माझ्या ओट्यापुरता तो जानेवारीत सकाळी साडेनऊला १४० सेकंद आहे.